मधली चित्रं

पहिल्या दिवशी मला एक करडा ठोकळा मिळाला. कॉम्प्युटरवर कार्टून करायचं हे सॉफ्टवेअर उघडलं की तो पडद्याच्या मधोमध आपोआप येऊन बसतो, आणि त्याला फिरवणं, ताणणं, दाबणं हाच पहिला धडा. मी ठोकळा फिरवायला गेले तर अख्खं जग फिरलं, ठोकळा होता तिथेच. दुसऱ्यांदा तो इतका लांब गेला की सापडेना. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीने एक बटण दाबून तो परत आणून दिला आणि हसू दाबलं. मी एकोणपन्नास वर्षांची, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. बावीस वर्षं मोडलेली माणसं उभी करत आले, आणि एक ठोकळा मला दाद देत नव्हता.

या भानगडीत मी पडले ती ताईमुळे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. पंचवीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ती लोकांना "आरसा काय केस विंचरायला दिलाय का?" असं विचारत आली. पाच महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकली आणि तिची डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला. बोलणं तर गेलंच नव्हतं. "तेवढीच विश्रांती मिळाली असती," असं भावोजी माझ्या कानाशी म्हणाले होते. डाव्या पायातही ताकद यायला लागली होती, मी स्वतः तपासली होती. पण ती उभी राहायला तयार नव्हती. या आजारात पहिले सहा-आठ महिने फार मोलाचे असतात, नंतर शरीर खुर्चीला सरावतं. मला ते दिसत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

"तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात," ती म्हणायची, "तू मला चालायला शिकवणार?"

माझ्या दोन सहकाऱ्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं. व्यायामाचे व्हिडिओ दाखवले तर म्हणाली, "ही चवळीची शेंग. हिला काय धाड भरलीये?" म्हणून ठरवलं, तिच्यासारखीच दिसणारी बाई, तिचीच खोली, तिचीच खुर्ची. बाई खुर्चीतून उठते आणि खिडकीपर्यंत चालत जाते, एवढीच बारा सेकंदांची फिल्म आपण करायची. ताईला कोणी शिकवलेलं चालत नाही, पण एखादी गोष्ट दुसऱ्याला जमते आणि आपल्याला नाही, हे तिला लहानपणापासून सहन होत नाही.

क्लास एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होता, दुपारी दोन ते चार. शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. साठी ओलांडलेले, बोटं लांबसडक, शर्टाच्या खिशात अजूनही दोन पेन्सिली. कागदावर हाताने चित्रं काढून कार्टून बनायची त्या काळात त्यांची उमेदवारी झालेली.

महिनाभर मी खोली बांधली. ताईच्या घरी टेप घेऊन जाऊन प्रत्येक भिंत मोजली. खुर्चीपासून खिडकीपर्यंत बरोबर नऊ पावलं. मग बाहुली. बाहुली करताना अर्धंच शरीर करायचं असतं, उरलेलं अर्धं आरशातल्यासारखं आपोआप तयार होतं. त्यामुळे माझ्या बाहुलीच्या दोन्ही बाजू केसभरही वेगळ्या नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतेय. तिला मी ताईचा ठेंगणेपणा दिला, रुंद खांदे दिले. चेहरा जमला नाही, तो कोणाचाही वाटेल असा राहिला.

"आता हलवायची," मास्तर म्हणाले. "सगळी चित्रं तुम्ही करायची नाहीत, मॅडम. उठताना कशी, उभी कशी, पाऊल टेकलं तेव्हा कशी, एवढ्या मोजक्या जागा तुम्ही ठरवून द्या. दोन टोकं तुमची. मधलं तो भरतो."

"तो म्हणजे?"

"कॉम्प्युटर." त्यांनी खिशातली एक पेन्सिल काढली. "आमच्या वेळी माणसं होती. थोरला चित्रकार पहिलं आणि शेवटचं चित्र काढायचा, मधली बारा-पंधरा आम्ही पोरं काढायचो. कोणी काय काढलं ते कोणाला ठाऊक नसायचं. हात बघून आम्ही एकमेकांना ओळखायचो."

बारा सेकंदांची मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रं होतात. मी त्यातली चौदा ठरवली: बसलेली, पुढे झुकलेली, अर्धी उठलेली, उभी, मग एकेक पाऊल टेकताना, आणि शेवटी खिडकीशी. चौदाही ठिकाणी पाठ ताठ, मान सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, पुस्तकात असतं तसं. मग चालवून बघितलं.

बाहुली उठली, चालली, आणि मी पुढे सरसावून बसले. ती डावीकडे कलत होती.

थोडीशीच. डावा खांदा वर उचललेला, डावा दंड अंगापासून चार बोटं सुटलेला. माझ्या धंद्यात ही चाल मी रोज बघते. आम्ही पेशंटला नेहमी दुबळ्या बाजूने धरतो, काखेखाली हात घालून. मग ते माणूस थोडं आपल्यावर रेलतं. खांदा असाच वर जातो, दंड असाच सुटतो. कोणी धरलेलं नसताना असं चालताच येत नाही.

मी एकेक चित्र पुढे सरकवून बघितलं. माझ्या चौदा चित्रांत ती ताठ होती. फक्त मधल्या चित्रांत कलायची, आणि माझं चित्र आलं की क्षणभर सरळ व्हायची. वर्गात बाई फिरकल्या की पोरं सावरून बसतात, तशी.

मास्तरांना बोलावलं. शरीराची प्रत्येक हालचाल पडद्याच्या खाली एका रेघेने दिसते, वाकडं झालं की रेघ वर जाते. कलण्याची रेघ सपाट होती. त्यांनी ती मोठी करून बघितली. फाईल बंद करून उघडली. मग ते बराच वेळ नुसतंच बाहुलीचं चालणं बघत राहिले.

"चुकलंय काय माझं?" मी विचारलं.

"तुमचं नाही." माऊसवरून त्यांनी हात काढून घेतला होता. "मला विचाराल तर आहे तसं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी ताईसमोर टॅबलेट धरला. रविवार होता, सकाळचे अकरा. भावोजी पेपर वाचत होते. ताईने एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बोट लावून ते सुरू केलं.

आणि ती उठली.

मी धावले तिच्या डाव्या बाजूला. "मध्ये येऊ नकोस," ती म्हणाली, ड्रायव्हिंग स्कूलमधल्या आवाजात, आणि मी खरंच थांबले. ती डावीकडे रेलत, खांदा उचलून, संथ चालली. नऊ पावलं. खिडकीच्या चौकटीवर उजवा हात ठेवला आणि बाहेर बघून म्हणाली, "काय कचरा करून ठेवलाय हो खाली!" भावोजींनी चष्मा काढून पेपरनेच डोळे पुसले. मी तर हमसून हमसून रडले. ताई आजारी पडल्यापासून मला इतका आनंद झाला नव्हता.

घरी जाताना बसमध्ये माझं रडू थांबलं आणि विचार सुरू झाला. ती जितकी कलली होती तितकं कललेलं माणूस पडतं. पेशंट कधी पडणार हे मला तो पडायच्या आधी कळतं, त्याचाच मला पगार मिळतो. ताई चौथ्या पावलालाच पडायला हवी होती.

आमच्याकडे एक साधी युक्ती आहे. दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवायचे आणि पेशंटला एकेक पाय एकेका काट्यावर ठेवून उभं करायचं. कोणत्या पायावर किती भार येतो ते लगेच कळतं. मी हॉस्पिटलातून दोन काटे आणले. ताईचं वजन एकसष्ट. फिल्म लावली, ती उठली, काट्यांवर उभी राहिली. उजवा तेहतीस. डावा नऊ. बेरीज बेचाळीस.

काटे बदलून बघितले. तेच आकडे. भावोजींना उभं केलं, त्यांचे सत्तर बरोबर सत्तर भरले.

"ताई, कशाला टेकलीस का तू?"

"कुठे टेकणार? धरलंय ना तिने."

"कोणी?"

"हे मला काय विचारतेस?" ताई वैतागली. "तूच आणलीस. हात तेवढे गार आहेत तिचे, बाकी काम चोख आहे. तुझ्यासारखी बडबड नाही."

मी घाबरले. हे सरळ सांगते, कारण पुढे जे केलं ते भीतीपोटी केलं. चार दिवस रजा टाकून मी फिल्मची सगळी चित्रं स्वतः ठरवली. चौदा नव्हे, दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी. मध्ये कोणाला भरायला जागाच ठेवली नाही. माझे डोळे सुजले, मनगट धरलं, पण बाहुली पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ चालली.

ताईने ती फिल्म बघितली आणि टॅबलेट खाली ठेवला. "ही एकटीच आहे," ती म्हणाली.

मी आग्रह केला. फार आग्रह केला. ती उठली, एक पाऊल टाकलं आणि डावीकडे कोसळली. मी झेप घेतली म्हणून डोकं वाचलं, कोपर सोलवटलं. त्यानंतर आठवडाभर ती खुर्चीतून हलली नाही आणि माझ्याशी बोलली नाही. बोलून बोलून डोकं उठवणारी ताई नुसती भिंतीकडे बघत बसायची. ते मला तिच्या पडण्याहून जास्त लागलं.

आठव्या दिवशी भावोजी मला दारापर्यंत सोडायला आले. ते कधी मध्ये बोलत नाहीत.

"जुनी फिल्म लावा," ते म्हणाले. "कोण का धरेना. चालत होती ती."

मी जुनी लावली.

ती लगेच उठली. जाताना डावीकडे मान करून हळूच काहीतरी पुटपुटली, माफी मागितल्यासारखं.

आता एकच उरलं होतं. खिडकीपासून परत यायला अजून चाकाची खुर्ची लागायची. मी आधी आळस केला, तीच फिल्म उलटी चालवून दाखवली. त्यात बाई पाठमोरी चालत येऊन खुर्चीत बसते. ताई म्हणाली, "मला काय रिव्हर्समध्ये घालतेस?" तेव्हा नवी फिल्म केली: बाई खिडकीशी वळते, नऊ पावलं चालते, बसते. पुन्हा चौदा चित्रं माझी, मधली सोडून दिली. मनाची तयारी करून चालवून बघितलं.

बाहुली सरळ चालली. कुठेही कलली नाही.

ताईही परत येताना सरळ चालली. खुर्चीपाशी काटे ठेवले होते. उजवा तेहतीस, डावा अठ्ठावीस. एकसष्ट. सगळं वजन तिचं, तिच्या स्वतःच्या पायांवर. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला विचारलं, "काय जादू केलीस गं?" मी म्हटलं, सराव. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जाताना रेलून, येताना एकटी. भावोजींनी चाकाची खुर्ची धुऊन-पुसून गच्चीच्या जिन्याखाली ठेवून दिली.

जाताना रेलून, येताना एकटी. याचा सरळ अर्थ माझ्या लक्षात यायला एकोणीस दिवस लागले, आणि तोही ताईमुळे.

एकोणिसाव्या संध्याकाळी ती आठव्या पावलाला थांबली आणि तिथूनच वळली. मला वाटलं, दमली. विसाव्या सकाळी सातव्याला थांबली. संध्याकाळी सहाव्याला.

"पुढे हो ना, ताई. तीनच पावलं राहिली."

"कशी होऊ?" ती म्हणाली. "दाटी झालीये."

खिडकीशी उतरतं ऊन होतं. सहा फुटांची मोकळी फरशी होती, आणि तिच्यावर काही नव्हतं.

खुर्चीपासून खिडकीपर्यंत कोणीतरी तिला सोडायला येतं, अशी फिल्म मी केली होती. त्या कोणाला तरी परत आणणारी फिल्म मी केलीच नव्हती. तरी दर वेळी खुर्चीपाशी ताईला धरायला कोणी ना कोणी होतंच. रोज दोनदा, एकोणीस-वीस दिवस. बेरीज मी केली नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

"बघ, काही नाहीये," म्हणत मी खिडकीपर्यंत गेले. मला काहीही लागलं नाही. मी पडदा सारला, बाहेर बघितलं, वळले. वळताना जाणवलं की मी अंग चोरून उभी होते. कोपरं पोटाशी धरून.

परतीच्या फिल्ममध्ये मी बाहुलीला हाताने कलवून बघितलं. तसंच, डावीकडे, खांदा उचलून. म्हणजे जे जातं ते तिच्यासोबत परतही येईल. ताईने बघितलं आणि हसली. "ही उगाच वाकडी चालतेय. तिच्याजवळ कोणी नाही."

मास्तरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"मधली माणसं काम सोडून जात नाहीत, मॅडम," एवढंच म्हणाले. "त्यांना जा असं कोणी सांगतच नाही."

मग मी सांगून बघितलं. रिकाम्या खिडकीसमोर उभं राहून, शहाणीसुरती बाई मी, हात जोडून म्हणाले, "झालं काम. या आता." ताई मागून म्हणाली, "अगं, तोंड कुणीकडे करून बोलतेस!"

दुसऱ्या दिवशी ती पाचव्या पावलाला थांबली.

नंतर चौथ्या.

फिल्म थांबवली तर ती खुर्चीत जाणार आणि भिंतीकडे बघत बसणार. चालू ठेवली तर काही दिवसांत तिला उठायलाही जागा उरणार नव्हती. मी दुपारी लवकर घरी आले, फाईल उघडली आणि बराच वेळ ती खोली बघत राहिले. भिंती मी बांधलेल्या. टेपने मोजून, इंच न इंच खरा. खरं तर त्यातली कुठलीच भिंत हलवायला काही अडचण नव्हती. एवढ्या दिवसांत मी ठोकळा कसा धरायचा ते शिकले होते.

खिडकीची भिंत निवडली आणि बाहेरच्या बाजूला ओढली. वीस फूट. मग थांबले, विचार केला, आणि आणखी वीस.

बाहुलीला हात लावला नाही. तिची नऊ पावलं तशीच ठेवली.

सकाळी ताईला फिल्म दाखवली. बाई आता नऊ पावलं चालून एका लांबच लांब खोलीच्या मध्येच थांबत होती, खिडकी तिच्या पुढे दूर होती. ताईने डोळे बारीक करून बघितलं. मग उठली.

चार पावलं. पाच. सहा.

भावोजी दाराच्या कडीला धरून उभे होते.

सात. आठ. नऊ. तिने चौकटीवर हात ठेवला. भिंत होती तिथेच होती, खिडकी होती तिथेच होती. ताईने मोकळा श्वास सोडला.

"आता कसं ऐसपैस झालं," ती म्हणाली.

हे ती मला म्हणाली नाही. आधी डावीकडे बघितलं, मग समोर, मग उजवीकडे, एकेका ठिकाणी थांबून, ओळखीचं हसत. खिडकीच्या चौकटीतूनही ती आरपार कुठेतरी लांब बघत होती, गर्दीत मागच्या माणसाला बघावं तसं. शेवटी तिने मला बघितलं. इतकी खूश ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"तिथे काय उभी राहिलीस गं? ये की. जागा आहे."

मी गेले. ताई हात पुढे करून उभी होती, आणि मला तिला नाही म्हणता येत नाही.

नऊ पावलं. या वेळी मला अंग चोरावं लागलं नाही. माझ्यासाठी वाट करून दिली होती.